खाजनाला 'पडीक' कोणी केले?

प्रति,
गावांच्या पर्यावरणाविषयी अहवाल, नकाशे आणि जाहीर सूचना काढणारे अधिकारी, ते कागद लिहून देणारे सल्लागार, आणि त्याच विषयाची पुस्तके आमच्या मुलांसाठी करणारे तज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना गोव्यातल्या आमच्या पंचायतीत एक बाड आले. 400 हून जास्त पाने, सगळी इंग्रजीत. त्याला जोडून 14 पानांचा मराठी सारांश. नदीच्या अंगाला काहीतरी मोठे बांधायचे घाटत होते आणि त्याने पर्यावरणावर काय परिणाम होईल ते त्यात सांगितले होते. प्रकल्प कोणाचा, अहवाल कोणी लिहिला, हे मी इथे सांगणार नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे सगळे हात झटकून मोकळे होतात, आणि असले सारांश मी आजवर तीन गावांत वाचले आहेत.

मी निवृत्त शिक्षिका. आवाज अजून खणखणीत आहे, म्हणून सरपंचांनी सारांश मोठ्याने वाचायचे काम माझ्याकडे दिले. तिसऱ्या पानावर हे वाक्य आले: 'प्रस्तावित क्षेत्र प्रामुख्याने क्षारयुक्त पडीक जमीन असून तेथे एक जुने नादुरुस्त पाण्याचे फाटक आहे.' मी वाचून पुढे गेले. मागच्या बाकावरून एक म्हातारे शेतकरी उठले. आमच्या गावातल्या बहुतेकांसारखे तेही घरी कोकणी बोलतात आणि पेपर मराठी वाचतात. म्हणाले, "बाये, हातूंत आमचें खाजन खंय आसा?"

मी पाने उलटसुलट चाळली. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची भातजमीन. 14 पानांत हा शब्द एकदाही नव्हता. मानस नव्हती, पोंय नव्हती, कोरगुट नव्हते. ते ज्या जमिनीची चौकशी करत होते ती मी नुकतीच वाचून दाखवली होती, फक्त तिचे नाव बदलले होते. खाजनाचे पडीक झाले होते आणि मानशीचे फाटक.

माझा जन्म याच गावचा, मुक्तीच्या वर्षीचा, 1961 चा. वडील कूळ होते. नोकरीची 33 वर्षे सत्तरी आणि डिचोलीतल्या मराठी प्राथमिक शाळांत गेली, आणि निवृत्तीनंतर मी वडिलांच्या घरी परतले. घराच्या पायरीवरून बांध दिसतो. तेव्हा त्या वाक्याशी माझा संबंध काय, असे कोणी विचारू नये.

ज्यांनी ते वाक्य लिहिले त्यांना बहुधा आमच्या बांधावर कोणी नेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्यांत समुद्राची भरती कितीतरी आतपर्यंत येते. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. काठची सखल जमीन तशीच सोडली तर खाऱ्या पाण्याखाली जाणार. पोर्तुगीज यायच्या आधीपासून इथल्या गावकऱ्यांनी तिच्या कडेने माती आणि चिरे घालून बांध उभे केले आणि आत भात पिकवले. बांधात जिथे आतले पाणी नदीला मिळते तिथे मानस. तिची दारे लाकडाची. भरती चढू लागली की नदीचे पाणी दारांना बाहेरून रेटते आणि ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वाढतो आणि ती उघडतात. वीज नको, मोटर नको, रात्री उठून कोणी जायला नको. मी शिकवलेल्या धड्यात 'स्वयंचलित' या शब्दाशेजारी यंत्रमानवाचे चित्र होते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर नसली तरी एका बसच्या अंतरावर मानस होती, आणि ती मी मुलांना कधी दाखवली नाही.

मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट पाणी साठते ती पोंय. पावसाचे जादा पाणी ती पोटात घेते, भरतीचे चुकून आत आलेले पाणीही तीच घेते, आणि शेत वाचते. मासळीची पिल्ले तिथे वाढतात. पावसाळ्यात मातीतले मीठ धुऊन जाते आणि कोरगुट लावता येते. हे उंच वाढणारे, थोडे खारेपण सोसणारे भात. याच्या पेजेला जी चव आहे ती विकतच्या तांदळाला नाही, हे माझे मत, पुरावा मागू नये. मानशीत नुस्ते, म्हणजे मासळी, धरायच्या हक्काची पावणी होते. कोणीतरी बोली लावून हक्क घेतो, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी रीत होती. शेवटे, सुंगटे, कुर्ल्या, त्यावर जगणारे बगळे, आणि नशीब असेल तर पहाटे एखादे पाणमांजर. फोंडा तालुक्यातल्या काही नदीकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, तिला मांगे थापणी म्हणतात. बांधाच्या आतबाहेर कोण कोण राहते याची यादी त्या लोकांनी सल्लागार न नेमता केलेली आहे.

आता आमच्या दोषांचेही बोलते, नाहीतर तुम्ही बोलाल. खाजने पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. कूळकायदा आला, कोमुनिदादींचा, म्हणजे जुन्या गावकरी संस्थांचा, हात बांधावरून निघाला, आणि बांध कोणाचा हे ठरेना. काही ठिकाणी पावणी घेणारा मासळीच्या लोभाने दारे हवी तेव्हा उघडी ठेवतो आणि शेजाऱ्याचे शेत खाऱ्याने जळते. मुले नोकरीला गेली, लावणीला माणूस मिळत नाही. आमच्या मानशीचे एक दार चार वर्षे मोडलेले आहे, हे खरे आहे, आणि ते दुरुस्त न करण्याची लाज आमची आहे. पण आजारी माणसाला मयत म्हणून नोंदवायचा अधिकार तलाठ्याला नसतो. तो सल्लागाराला कुठून आला?

आणि ज्या शब्दाला तुमच्या सारांशात जागा मिळाली नाही, तो शब्द दिल्लीच्या राजपत्रात आहे. 6 जानेवारी 2011 ची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढून बघा. तिच्यात गोव्यासाठी वेगळा भाग आहे. भरती-ओहोटीच्या प्रभावाखालच्या सखल, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जमिनींना तिथे इंग्रजी मजकुरातही 'खाजन' असेच म्हटले आहे. या जमिनींचे नकाशे करावेत, कडेची खारफुटी राखावी, व्यवस्थापनाचा आराखडा करावा आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये, असे तिथे लिहिले आहे. इंग्रजी राजपत्राला खाजन उच्चारता आले आणि आमच्यासाठी केलेल्या मराठी सारांशाला आले नाही! सारांशात ती जमीन 'क्षारयुक्त पडीक' झाली की वाचणाऱ्याला या कलमाची आठवणही होत नाही. हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. चूक कोणाच्या सोयीची पडली तेवढे बघा, असे म्हणते.

ही एक तक्रार झाली. ती एका खाजनापुरती असती तर मी पंचायतीत अर्ज देऊन गप्प बसले असते.

सड्याचे तेच. आमच्याकडे डोंगरमाथ्याच्या जांभ्या पठाराला सडा म्हणतात. मे महिन्यात बघाल तर काळा दगड आणि वाळके गवत. म्हणून कागदात तो 'ओसाड खडकाळ भूभाग' होतो. ऑगस्टात या. खडकाच्या खळग्यात साचलेल्या चार बोटे पाण्यात सीतेची आसवे फुललेली असतात, आणि किडे धरून खाणारा दवबिंदू तिथेच, कारण त्या मातीत नत्र इतके कमी की झाडाला ते किड्यांतून मिळवावे लागते. जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून मुरतो आणि पायथ्याला झर होऊन निघतो. सड्यावर काँक्रीट पसरले की पायथ्याच्या वाड्यातली विहीर एप्रिलऐवजी फेब्रुवारीत तळ का दाखवते, हे 'ओसाड' या शब्दातून कसे कळावे?

आणि 'दलदल'. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. जायफळाच्या कुळातली झाडे तिथे पाण्यात उभी आहेत, आणि त्यांची मुळे गुडघा मुडपल्यासारखी पाण्याबाहेर येऊन श्वास घेतात. पश्चिम घाटात असली पाणथळ राने आता फार थोडी उरली आहेत. गावाने ती देवाची म्हणून राखली, कोयता लावला नाही. तुमच्या परिभाषेत ती दलदल. शब्द चुकीचा नाही, पण मराठी माणसाला दलदल म्हटले की ती बुजवावीशी वाटते. पडीक म्हटले की वापरात आणावीशी वाटते, ओसाड म्हटले की त्यावर काही उभारावेसे वाटते. या तिन्ही शब्दांच्या पोटात बुलडोझर बसलेला आहे, आणि आमच्या जमिनींना नेमके हेच तीन शब्द कसे मिळतात ते मला समजत नाही.

भाषांतराच्या बाकीच्या गमतींवर फार वेळ घालवत नाही. आमच्या प्राथमिक शाळेचे नाव 'संवेदनशील ग्राहक' या मथळ्याखाली होते. मूळ इंग्रजीत बघितल्यावर कळले की धूळ आणि आवाजाचा त्रास ज्यांना लवकर होतो अशी ती यादी आहे. 'प्रभावांचे शमन' या प्रकरणाचे नाव ऐकून एका बाईंनी विचारले की त्याला भटजी कुठून आणणार. सगळे हसले. मीही हसले. मग लक्षात आले की धूळ उडू नये म्हणून काय करणार, गाळ शेतात उतरू नये म्हणून काय करणार, हे गावाला ऐकायचे होते ते सगळे त्याच प्रकरणात होते, आणि ते हसण्यावारी गेले.

खरी अडचण पुढच्या शब्दाची. सारांशात नदीच्या पाण्याबद्दल एकच ओळ: 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी विहित मर्यादेत आढळली.' आमच्या लोकांनी विचारले, मग पोंयीत पहाटे मासे मरून का तरंगतात? उत्तर द्यायला आलेल्या तज्ज्ञांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

मी विज्ञानाची पदवीधर नाही, पण हे चौथीच्या मुलाला समजावता येते. पाण्यात घाण गेली की सूक्ष्म जीव ती खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. जितकी घाण जास्त तितका प्राणवायू जास्त लागतो. ती गरज म्हणजेच सारांशातली 'मागणी', इंग्रजीत बीओडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅम किंवा कमी हवा, आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. दिवसा पाण्यातले शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, रात्री तेही सोडत नाही, पण श्वास मात्र सगळेच घेतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे नेमके तेव्हा मरतात. प्राणवायूचा नमुना दुपारी घेतला तर आकडा चांगला येईल, पहाटे घेतला तर कदाचित येणार नाही. आमच्या गावाला फक्त एवढे विचारायचे होते, की नमुना किती वाजता घेतला, भरतीला घेतला की ओहोटीला, आणि मानशीच्या आत घेतला की बाहेर. प्रश्न विचारता आला नाही, कारण शब्दच कळला नव्हता. अडाणी लोक प्रकल्पाला विरोध करतात असे तुम्ही मागाहून बोलता, म्हणून हे लिहिले.

इथे मी एक कबुलीही देते. बीओडी या शब्दाला मराठी पर्याय हवाच असा माझा हट्ट नाही. बीओडी म्हणा, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला एसटीपी म्हणा. रिक्षावाल्याला जीपीएस कळतो, आमच्या वाड्यावरच्या बायकांना शुगर आणि बीपी कळते. शब्द परका असला तरी त्याची फोड कोणीतरी समोर बसून करून दिली की तो घरचा होतो. तुम्ही उलटे करता. जिथे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द आहे तिथे तो काढून संस्कृताचा नवा घडवता, आणि जिथे शब्द नाही तिथे फोड करत नाही.

सत्तरीत मी याहून वाईट परिणाम पाहिला. 31 जुलै 2024 रोजी केंद्राने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढला. गोव्यातली 108 गावे त्यात आहेत, क्षेत्र 1,461 चौरस किलोमीटर. माझे जुने विद्यार्थी फोन करू लागले. टीचर, आता घराला खोली वाढवता येणार नाही म्हणतात. टीचर, काजूची बाग जाणार म्हणतात. चूल पेटवायला बंदी, इथपर्यंत बात गेली. मसुद्यात बंदी कशाला आहे? खाणी, दगडखाणी, रेती उपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, जास्त प्रदूषण करणारे लाल गटातले नवे उद्योग, आणि 20,000 चौरस मीटरपासून पुढची मोठी बांधकामे. राहत्या घराची दुरुस्ती आणि वाढ त्यात अडवलेली नाही. हे मी फोनवर प्रत्येकाला सांगत बसले. त्यातच अभयारण्यांभोवतीचा 'संवेदनशील विभाग' वेगळा, पश्चिम घाटाचे 'संवेदनशील क्षेत्र' वेगळे, आणि व्याघ्रक्षेत्राचा 'बफर' आणखी वेगळा. तिन्हींचे नियम निराळे, आणि मराठीत तिन्हींची नावे अशी सख्खी की पंचायत सचिवालाही फरक सांगता येईना. हरकतींसाठी मुदत 60 दिवस. त्यातले निम्मे दिवस अफवा निस्तरण्यात गेले. कोणाला मसुद्याला विरोध करायचा असेल तर त्याने जरूर करावा, पण मसुद्यात नसलेल्या गोष्टीला विरोध करण्यात गावाची ताकद का वाया घालवायची?

आता पुस्तके करणाऱ्यांकडे वळते, आणि इथे गुन्हेगारांच्या रांगेत मीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असे सांगितले, आणि पुढे तो सगळीकडे आला. मी तो मनापासून शिकवला. 'परिसंस्था म्हणजे सजीव आणि त्यांचे निर्जीव पर्यावरण यांच्यातील आंतरक्रियांतून निर्माण झालेली कार्यात्मक एकक.' 33 वर्षांत हे वाक्य किती पोरांकडून घोकून घेतले त्याला गणती नाही. एकदा पेपरात विचारले, पाच जलचरांची नावे लिहा. एका मुलाने लिहिले: शार्क, देवमासा, ऑक्टोपस, डॉल्फिन, पेंग्विन. त्याचे वडील रोज व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गळ टाकायचे. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे धरायला तो स्वतः शाळा बुडवायचा, आणि त्याबद्दल मी त्याला अंगठे धरून उभे केले होते. त्याच्या पाचांत एकही जीव त्याने पाहिलेला नव्हता. पेंग्विनचा अर्धा गुण कापून मी त्याला पाचापैकी साडेचार दिले. आज तो गुणांचा तक्ता आठवला की बरे वाटत नाही.

इंग्रजीतसुद्धा हे शब्द आभाळातून पडलेले नाहीत. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1866 मध्ये इकॉलॉजी हा शब्द घडवला तो ग्रीकमधल्या 'घर' या शब्दापासून. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टान्स्ली यांनी इकोसिस्टिम हा शब्द 1935 मध्ये छापून आणला. माझी आई 1934 ची, म्हणजे हा शब्द तिच्याहून एक वर्षाने धाकटा. जीव, माती, पाणी, हवा ही वेगवेगळी न मोजता एकत्र धरावी, एवढेच टान्स्लींना म्हणायचे होते. माझ्या आईला तो शब्द माहीत नव्हता, पण मानशीचे दार अर्धे उघडे राहिले तर भाताचे काय होईल, शेवट्यांचे काय होईल आणि पुढच्या वर्षी पावणी कितीला जाईल हे ती एका दमात सांगे. मुलांना आधी ते ऐकवून मग 'परिसंस्था' शब्द फळ्यावर लिहिला असता तर घोकावा लागला नसता.

कोणी म्हणेल, बाई मराठीचा झेंडा घेऊन निघाल्या. तसे समजू नका. राजभाषा कायदा 1987 चा. त्यात देवनागरी कोकणी ही राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामात वापर, ही तडजोड माझ्या पिढीने रस्त्यावर पाहिली आहे आणि पुन्हा पाहायची नाही. खाजन, मानस, पोंय, व्हाळ, झर, राय, सडा, मोरड, खेर, कुळागर हे शब्द कोकणीचे की मराठीचे यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही. ते त्या जमिनीचे आहेत. दोन्ही भाषांतल्या कागदांत ते जसेच्या तसे यावेत.

मागण्या साध्या आहेत.

2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. ते तुम्ही देता. पण 400 पानांचे 14 पानांत काय उरते ते वर सांगितले. परिणाम आणि त्यावरचे उपाय ही दोन प्रकरणे तरी पूर्ण, मराठीत आणि कोकणीत द्या, आणि सुनावणीआधीची 30 दिवसांची मुदत ती पंचायतीत पोचतील त्या दिवसापासून मोजा. ही चैन नव्हे. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला याच अधिसूचनेच्या नव्या मसुद्याचे भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करायला सांगितले होते. केंद्राला ते जड गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण मागणी अजब आहे असे त्यानंतर कोणी म्हणू नये.

नकाशावर आमची नावे लिहा. सर्व्हे क्रमांकाशेजारी खाजन असेल तर खाजन, पोंय असेल तर पोंय. 'पडीक', 'ओसाड' आणि 'दलदल' हे शब्द कोणत्याही जमिनीला लावण्याआधी ती पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, अशी दोनदा बघितल्याची तारीख द्या.

पाण्याचा, हवेचा कुठलाही आकडा छापाल तिथे नमुना कधी, कुठे आणि कुठल्या वेळी घेतला ते त्याच ओळीत छापा. बीओडीसारख्या शब्दाची फोड पानाच्या तळाला चार ओळींत द्या. त्याला खर्च शाईचा.

सारांशाखाली भाषांतर करणाऱ्याचे नाव आणि सही हवी. ज्या कागदावर गावाची जमीन जाणार किंवा राहणार, त्याला कर्ता नसणे मला मान्य नाही. चूक दाखवली तर दुरुस्त प्रत पुन्हा वाटेपर्यंत सुनावणी थांबवा.

2002 च्या जैवविविधता कायद्याने पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आणली. गोव्यात 191 पंचायती आहेत. आमच्या पंचायतीतली नोंदवही कपाटात आहे, कपाटाची किल्ली सचिवाकडे, आणि सचिव दोन पंचायतींना मिळून एक. अहवाल लिहिणाऱ्याने ती आधी वाचावी आणि तिच्यातली नावे वापरावीत, अशी अट घाला. नोंदवही अपुरी असेल तर अपुरी आहे असे लिहा. ते वाचून तरी आम्ही ती पुरी करू.

आणि शाळांसाठी एक छोटी शब्दावली करा. दोनशे शब्द पुरे. अन्नसाखळी, अधिवास, विघटक, सामू, क्षारता, खारफुटी, भूजल, गाळ, झिरपा. प्रत्येक शब्दापुढे व्याख्येआधी गोव्यातला एक देखावा असू द्या. पेडण्याच्या मुलाला आगरवाड्याचे मिठागर, सत्तरीच्या मुलाला राय, तिसवाडीच्या मुलाला चोडणची खारफुटी. विद्यापीठातल्या मंडळींना घ्या, पण खोलीत पावणी घेणारा, लावणी करणारी आणि एखादा जुना मानस बांधणारा सुतारही बसवा. छापण्याआधी ती दोन-चार ग्रामसभांत मोठ्याने वाचा. जिथे लोक चुकीच्या ठिकाणी हसतील तो शब्द बदला.

माझ्याकडे तीन वह्या आहेत. निवृत्त झाल्यापासून गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून पाणी, माती, मासळी, झाडे यांचे शब्द त्यांत उतरवत आले आहे. अक्षर बरे आहे. कोणाला हव्या असतील तर फुकट देईन, झेरॉक्स मात्र तुम्ही काढा. ज्या प्रकल्पाचे वर लिहिले त्याची जनसुनावणी पावसामुळे पुढे ढकलली आहे, नवी तारीख अजून आलेली नाही. त्याआधी तुमच्यातले कोणी आमच्या बांधावर यायला तयार असेल तर पंचायतीत निरोप ठेवावा. येताना ओहोटीची वेळ बघून निघा. भरतीला आलात तर दारे मिटलेली असतील, आणि तुम्हाला पुन्हा ते एक जुने फाटकच दिसेल.

आपली,
मांडवीकाठची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका